अनुदान छोटे द्या, पण एकत्र येणाऱ्यांना द्या

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी आहे. पाणी, रस्ते, आरोग्य यांच्याच रांगेत तिथे ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य आणि बाजार-जत्रा हे विषय 20, 21 आणि 22 या क्रमांकांवर बसले आहेत. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतही सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देणे हे नगरपालिका-महापालिकांचे काम मानले आहे. या अनुसूच्या आणणाऱ्या घटनादुरुस्त्या 1992 सालच्या. त्यानंतर महाराष्ट्राने 2010मध्ये सांस्कृतिक धोरण आणले, 2024मध्ये ते सुधारले. तरीही चार संस्थांनी मिळून अर्ज करावा आणि गावाने किंवा वॉर्डाने उघड चर्चा करून त्यांना पैसे द्यावेत, अशी जाहीर तरतूद स्थानिक अंदाजपत्रकात क्वचितच सापडते. संस्कृतीसाठी सरकार पैसा देत नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो पैसा कुठे ठरतो आणि कुणाला मिळतो, हा.

पैशाची आजची वाट कशी आहे ते पाहा. साहित्य संमेलनाला मिळणारे सरकारी साहाय्य 50 लाखांवरून 2 कोटी रुपयांवर गेले, आणि भाषेचा एवढा मोठा मेळावा त्याला पात्रच आहे. पण 1967च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’ वर्गातल्या गावच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 2022मध्ये 60 टक्क्यांनी वाढले, तेव्हा ते 30 हजारांवरून 48 हजार रुपयांवर आले. महिन्याला 4 हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल, वीज आणि नवी पुस्तके. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतानाही ज्या खोलीत हिशेब करावा लागतो, तिथे ओव्या गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका, शाळेतली मुले आणि भजनी मंडळ यांना एका संध्याकाळी एकत्र आणायचे म्हटले, तर माइकचे भाडे आणि चहा एवढ्यावरच बेत मोडतो. मोठ्या सोहळ्याला पैसा मिळतो, पण त्या सोहळ्यापर्यंत पोहोचणारी माणसे जिथे घडतात, त्या खोलीला तो मिळत नाही.

छोटी रक्कम वाटता येते, हे आता सरकारनेच दाखवले आहे. 2025च्या गणेशोत्सवाच्या निमित्ताने 1,800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर झाले. टाळ, मृदंग, पेटी यांच्या खरेदीसाठी ही रक्कम उपयोगी आहे. पाऊल स्वागतार्ह आहे, पण ते अपुरे पडण्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, कोणत्या मंडळाला पैसे द्यायचे हे त्याचे भजन कधी न ऐकलेल्या यंत्रणेने राज्यपातळीवर ठरवायचे असते. दुसरे असे की, प्रत्येक मंडळ स्वतंत्र लाभार्थी होते. एकाच गावातल्या दोन मंडळांपैकी एकाला मिळाले आणि दुसऱ्याला नाही, तर गावाच्या हाती पेटीबरोबर एक रुसवाही येतो. हेच अनुदान दोन मंडळे, शाळा आणि बचत गट यांनी मिळून केलेल्या अर्जाला दिले असते, तर अर्ज भरतानाच त्यांना एकमेकांच्या ओसरीवर बसावे लागले असते. या बसण्यातच अर्धे सांस्कृतिक काम होऊन जाते.

राज्याचा पैसा आणि स्थानिक निर्णय यांची सांगड घालता येते, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. तिथल्या 351 शहरे-गावांसाठी 329 स्थानिक सांस्कृतिक परिषदा आहेत. राज्य ठरलेल्या सूत्राने प्रत्येक गावाला रक्कम देते, आणि गावाने नेमलेले स्वयंसेवक अर्ज वाचून तिचे वाटप करतात. सदस्याची मुदत तीन वर्षांची आणि सलग दोनच मुदती, त्यामुळे खुर्ची कुणाच्या घराण्याची होत नाही. गावाला काय हवे, हे परिषदेने लोकांना विचारायचे असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच 28 हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येक ठिकाणी नवी परिषद काढण्याची गरज नाही. तालुक्याला एक आणि शहरात प्रभागाला एक अशी निवड समिती पुरेल. तिच्यात शिक्षक, कलावंत, ग्रंथालयाचा प्रतिनिधी, महिला बचत गटाची प्रतिनिधी असावी, आणि निम्म्या जागा तरी राजकीय पद नसलेल्यांच्या असाव्यात.

यावर पहिला आक्षेप रस्त्या-पाण्याचा येतो. नळाला पाणी नसताना नाटकाला पैसे कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, कारण टंचाई खरी आहे. पण इथे मागणी एका रस्त्याच्या खर्चाची नाही. गावातले कार्यक्रम काही हजारांत होतात. शिवाय पाण्याची योजना चालवायलाही एकमेकांशी बोलणारे गाव लागते. गावाचे असे बोलणे ओव्यांत साठलेले असते: अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या ओव्यांत सासर-माहेर आहे, दुष्काळ आहे, डॉ. आंबेडकर आहेत, गावाने बाईला कसे वागवले याचा हिशेब आहे. जाते मागे पडले आणि त्याबरोबर गाणारीही थकली. हे धन गोळा करायला मोठा मंच लागत नाही. लागतो तो रेकॉर्डिंगचा खर्च, एसटीचे भाडे आणि शेजारच्या दोन गावांना एकत्र बोलावणारे कुणीतरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांची संस्कृती लोकवर्गणीवर जगते, सरकारी पैसा शिरला की ती मिंधी होते. झाडीपट्टीची रंगभूमी याची साक्ष देते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात धान निघाल्यावर गावची मंडळे नाटक ठरवतात, तिकिटे विकतात आणि रात्रभर प्रयोग चालतो. त्या बळावर देसाईगंज-वडसा इथे नाट्यसंस्थांचे केंद्र उभे राहिले. पण या उदाहरणातून आणखीही काही दिसते. ज्याला तिकीट आहे ते तिकिटावर जगते. तारपा वाजवणारा, कडकलक्ष्मी, ओवी गाणारी, बोली बोलणारा म्हातारा यांना तिकीटबारी नाही. वर्गणीसुद्धा जिथे रोषणाई मोठी, तिथेच अधिक जमते. म्हणून अनुदानाला अट असावी: एकूण खर्चाचा काही भाग गावाने वर्गणीतून किंवा श्रमातून उभा करायचा. ज्यांच्या घरचे तांदूळ पंगतीला आले आहेत, ती माणसे कुणाची मिंधी होत नाहीत.

तिसरा आक्षेप धर्माचा आणि पक्षाचा. नगरसेवकाच्या मंडळालाच पैसे मिळतील, एका धर्माच्या सणाला मिळतील, ही भीती निराधार नाही. कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायला संविधानाचा अनुच्छेद 27 नागरिकाला भाग पाडू देत नाही, आणि योजनेचा पायाही तोच असावा. पूजेला पैसे नकोत. लोकांनी मिळून केलेल्या कलेला, गाण्याला, वाचनाला, खेळाला द्यावेत. एकत्र अर्जाची अट इथे सर्वांत उपयोगी पडते. किमान तीन वेगळ्या संस्था किंवा गट, आणि त्यांतले सगळे एकाच आळीचे नसावेत. सांगली जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमच्या उंच ताबुतांत हिंदूंचे मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्याच जिल्ह्यातल्या गोटखिंडीत 1980पासून मशिदीत गणपती बसतो. हे कुणा सरकारने शिकवलेले नाही. सरकारने एवढेच करायचे, की पैसे देताना या रीतीला अडथळा आणायचा नाही आणि जिथे ती नाही तिथे तिला निमित्त द्यायचे.

उरतो हिशेबाचा प्रश्न. बहुतेक भजनी मंडळे, बचत गट आणि हौशी नाट्यसंघ नोंदणीकृत नसतात, म्हणून सरकारी पैसा त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. याचे उत्तर आपल्या हाताशी आहे. राज्यात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांना नोंदणी आहे, बँक खाते आहे, लेखापरीक्षण आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850चे. पावत्या जपण्याची सवय या संस्थांना सरकारी योजना जन्मण्याआधीपासून आहे. अनुदान ग्रंथालयाच्या खात्यावर यावे, नोंदणी नसलेल्या गटांनी त्याच्या छत्राखाली काम करावे, जमाखर्च ग्रंथालयाच्या फळ्यावर लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. हिशेब सांभाळण्याबद्दल ग्रंथालयालाही थोडी रक्कम द्यावी. ज्याला ओस पडलेली खोली म्हणून गावे विसरू लागली, तिथे संध्याकाळी पुन्हा दिवा लागेल.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करता येईल. रक्कम 10 ते 50 हजारांची, अर्ज दोन पानांचा आणि मराठीत, निर्णय 60 दिवसांत, पैसा कार्यक्रमाच्या आधी. वर्षअखेर कोणते गट पहिल्यांदा एकत्र आले आणि त्यांतले किती अनुदानाशिवायही पुढच्या वर्षी भेटले, हे मोजावे. दुसऱ्या वर्षी ते स्वतःहून एकमेकांच्या ओसरीवर बसले, तर पैसा कामी आला असे समजावे.