संशय कोणावर व कशावरून?

"साहेबांनीं बोलाविलें आहे, चल." एवढें ऐकलें कीं आमचीं माणसें हातांतील काम टाकून पोलीस ठाण्याची वाट धरतात. कोणत्या कामासाठीं, हें कोणी विचारीत नाहीं. विचारलें तर घरचेंच माणूस म्हणतें, "उगाच तोंड कशाला लावतोस?"

आम्ही गागोदे बुद्रुक येथें मुलांस शिकवितों. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या ओळखीचा एक कातकरी बांधव खेकडे धरून परत येत होता. एका हातांत विजेरी, दुसऱ्यांत कोयता, खांद्यावर पिशवी. त्याच सुमारास कोठेंतरी शेतावरचा पंप चोरीस गेला होता. गस्तीच्या गाडीनें त्यास उचललें व दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेविलें. ना कागद, ना नोंद, ना बायकोस निरोप. मग 'जा' म्हणाले, तो आला. मजुरी बुडाली ती बुडालीच. पण त्याचा मुलगा आमच्या वर्गांत आहे, त्यास पोरें चार दिवस 'चोराचा' म्हणून चिडवीत होतीं. आम्हीं त्या पोरांस दटाविलें. पण तीं घरीं ऐकलेलेंच बोलत होतीं, हें आम्हांस कळत होतें.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. संशय आला म्हणून रात्रभर बाकावर बसवावें, असें कलम आम्हांस तींत सांपडलें नाहीं. गुन्ह्याची माहिती असणाऱ्यास बोलवावयाचें तर कलम १७९ प्रमाणें तपासी अंमलदारानें लेखी हुकूम द्यावा लागतो. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठीपुढचा म्हातारा, अपंग, फार आजारी माणूस व कोणतीहि बाई, यांस त्यांच्या घरींच येऊन विचारावें. ज्याच्यावर सकारण संशय आहे पण अटकेची जरूर नाहीं, त्यास कलम ३५ ची नोटीस द्यावी. चंद्रपूर जिल्ह्यांत देसाईगंज येथें १९७२ सालीं एका आदिवासी मुलीस रात्रीं ठाण्यांत आणलें व तेथें तिच्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. सर्वोच्च न्यायालयांत आरोपी शिपाई सुटले, देशभर संताप उसळला व १९८३ सालीं बलात्काराचा कायदा बदलावा लागला. बायांनीं रात्रीं ठाण्यांत कां जाऊं नये, हें ह्यापुढें वेगळें सांगावयास नको.

रात्रीं हटकण्याचा अधिकार पोलिसांस आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. पंप आमचेच चोरीस जातात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचें कलम १२२ नीट वाचावें. सूर्यास्तानंतर हातीं हत्यार असणें एवढेंच तेथें पुरत नाहीं. तें 'गुन्हा करण्याच्या हेतूनें' असावें लागतें. खेकडे धरणाऱ्याचा कोयता व रात्रीं शेताला पाणी देणाऱ्याची कुऱ्हाड हीं कामाचीं हत्यारें आहेत. त्याच कलमांत चोर म्हणून लौकिक असलेला मनुष्य रस्त्यांत रेंगाळतांना सांपडला तर, असेंहि म्हटलें आहे, व त्या शब्दांचें आम्हांस भय वाटतें. हा लौकिक कोण ठरवितो? १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींचा लौकिक जन्माबरोबरच ठरवून टाकला होता. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी १९१८ सालीं बंद केली. इंग्रजांचा तो कायदा जावयास १९५२ साल उजाडलें. कागदावरून तो गेला. गस्तीवरच्या नजरेंतून गेला काय?

अटकच झाली तर तिचीं कारणें सांगणें, नातलगास कळविणें व चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें करणें भाग आहे. प्रवासाचा वेळ मात्र त्यांत धरीत नाहींत. कारणें आरोपीस समजेल त्या भाषेंत लेखी द्यावींत, असें मुंबईच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें ठरविलें आहे. ज्या उत्तरानें आपणच गुन्ह्यांत अडकूं तें देण्याची सक्ती नाहीं. तपासांतील जबाबावर सही घेऊं नये, असें कलम १८१ सांगतें. आणि आमच्याकडे तर आंगठा आधीं, वाचन मागाहून! आदिवासींस, बायांस व कोठडींतील कोणासहि सरकारी खर्चानें वकील मिळतो.

हें सगळें आम्हीं त्या बांधवास त्याच्या अंगणांत बसून समजाविलें. त्यानें ऐकून घेतलें व म्हणाला, "गुरुजी, कागद तुम्ही मागा. आम्ही मागितला तर मार पडेल." त्यास उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. वाडीवर पुन्हां बोलावणें आलें तर बरोबर जावयाचें आम्हीं कबूल केलें आहे. एकट्या मास्तराचें तेथें फारसें चालणार नाहीं. गांवांतील आणखी दोघे-तिघे हवेत. ज्यांच्या शेतावरचे पंप गेले, त्यांनींच पुढें व्हावें असें आमचें म्हणणें आहे, व त्यांच्या घरीं आम्ही येत्या रविवारीं जाणार आहों.