बारा इंचांत एक फेरा

रायफल घेणारा माणूस कॅलिबर विचारतो, किंमत विचारतो, वर दुर्बीण कुठली बसेल ते विचारतो. नळीतल्या पिळाचा आकडा फार थोडे विचारतात. माझ्या मते शिकारीसाठी रायफल घेताना तोच आधी विचारायला हवा. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं अमेरिकेतलं. माझा संबंध फक्त गणिताशी :-) )

नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात. १:१२ ट्विस्ट म्हणजे बारा इंचांत एक फेरा. उडत्या गोळीवर हवेचा जोर तिच्या वजनाच्या मध्यबिंदूच्या पुढे लागतो, त्यामुळे ती सतत उलटायला बघते. भोवरा फिरतोय तोवर उभा, तसंच हे. आणि गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जास्त लागते. लांब म्हणतोय, जड नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिलने १८७९ साली याचं सोपं सूत्र दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घेतात.

आता १९५५ सालची गंमत बघा. विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ हे काडतूस एकाच वर्षी बाजारात आणलं. नावं वेगळी, पण गोळीचा व्यास एकच, ०.२४३ इंच. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्तच मावायची. पण त्यांनी गिऱ्हाईक धरलं बिळातले छोटे प्राणी टिपणारं, म्हणून हलक्या गोळ्या आणि १:१२ ट्विस्ट. विंचेस्टरने १:१० दिला आणि हरणासाठी १०० ग्रेनची गोळीही. वरच्या सूत्रात १८० घालून बघा: १:१२ ला जेमतेम ०.८९ इंच लांबीची गोळी झेपते, १:१० ला १.०६. टोकदार १०० ग्रेनची गोळी साधारण एक इंचाची. झालं! लोकांना एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती. .२४४ पडलं. रेमिंग्टनने ट्विस्ट १:९ केला, १९६३ मध्ये ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नावही दिलं, पण गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही.

रेमिंग्टनवाले काही मूर्ख नव्हते. मंद पिळातून हलकी गोळी अचूक जाते, हे त्यांचं म्हणणं त्या काळच्या गोळ्यांसाठी बरोबरच होतं. पण त्यांनी आजच्या गरजेपुरतंच माप घेतलं आणि वर इंचभरही जागा सोडली नाही. नळी ही अशी गोष्ट आहे की पुढे पॅच टाकता येत नाही.

हे आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे तांबं. शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन काँडोर गिधाडं मरतात, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. कायदा योग्यच आहे. पण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९६, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब. आजोबांच्या रायफलीत ती घालायची, नेम चुकला की 'तांबं बेकार' म्हणायचं, हे मला पटत नाही. मधल्या मधे पोटात गोळी घेऊन पळालेलं हरीण तासन् तास तडफडतं, त्याचं काय? वजन एक पायरी उतरवा, गोळी आखूड होते, प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

जुन्या नळीवर ट्विस्ट बहुधा कोरलेला नसतो. रायफल रिकामी आहे ना बघून, मोकळ्या फिरणाऱ्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लावून ती नळीत सरकवायची, सळईवर खूण करायची, आणि एक फेरा पुरा होईतो किती इंच आत गेली ते मोजायचं. पाच मिनिटांचं काम. तेवढंही नको असेल तर सरावाच्या कागदावरची भोकं तरी नीट बघा. गोल नसून लांबट असतील, तर गोळी आडवी होऊन लागते आहे.