लायसन गेले, पण तळे राखणार कोण?



कापूस-ज्वारीच्या पत्रकात मासेमारीचा अग्रलेख कशाला, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो हा जिल्हा आहे. चुनखडीची जमीन, लहान लहान शेतकरी. तेथे कॅरा नावाचे तळे आहे. विस्तार सुमारे १६ चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली पुरुषभर पाण्याइतकीच. या उथळ, स्वच्छ पाण्यात ट्राउट मासा वाढतो. गढूळ, कोंदट पाण्यात तो जगत नाही. तो पकडण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. बाकीचे महिने मासा ओढ्यांत चढून अंडी घालतो, तेव्हा गळ टाकायचा नाही. खरी घात मात्र दोन-तीन आठवड्यांचीच. मे महिन्याच्या मध्यावर तळाच्या गाळातून मेफ्लाय नावाची माशी वर येते आणि तिच्यासाठी ट्राउट पृष्ठभागावर येतो. लांब काठी, रेशमी दोरा, गळाला जिवंत माशी. वाऱ्यावर दोरा सोडून माशी पाण्याला अलगद टेकवायची. होडीवाला, पाहुणे ठेवणारी घरधनीण, गावचा दुकानदार, सगळ्यांची वर्षाची कमाई या दिवसांवर. मृगाची घात चुकली तर काय होते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

१९८७ साली तिथल्या सरकारने कायदा केला. ट्राउटसाठी गळ टाकायचा तर यापुढे सरकारी लायसन काढा. त्या पैशातून मासेमारीचा विकास करू, असे सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या ट्राउटला सरकारी लायसन नव्हते. लोकांनी विचारले, तळे सरकारने खोदले काय? मासा सरकारने पाळला काय? आज फी थोडी आहे, उद्या किती? १९८८ च्या हंगामात मासेमारांनी लायसन नाकारले. पश्चिमेच्या तळ्यांवर होड्या काठाला ओढल्या गेल्या. बाहेरचे पाहुणे आटले, गावांचे उत्पन्न बुडाले. ऐन घातीत स्वतःच्या पोटावर पाय देऊन लोक उभे राहिले. शेवटी सरकार नमले. १९९१ च्या कायद्याने ट्राउटचे सक्तीचे लायसन गेले आणि स्वेच्छेने भाग घेऊन चालवायच्या सहकारी संस्थांची तरतूद झाली.

हे त्या मातीत नवे नव्हते. कॅराचे पाणी शेजारच्या मास्क तळ्यात उतरते. त्याच मास्कच्या काठी कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी राहत होता. १८८० साली पिके बुडाली असताना कुळांनी खंडात सूट मागितली. कारभाऱ्याने ती पुरेशी दिली नाही, उलट कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. मग मजुरांनी त्याचे शेत सोडले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या घरात फौजफाटा. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे, तो या गृहस्थाच्या नावावरूनच पडला.

आपल्यालाही हे नवे नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःच्या रानातला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. घाम आमचा आणि परवाना त्यांचा, हा न्याय मेयोतही तोच आणि यवतमाळातही तोच. म्हणून त्या होडीवाल्यांचा विजय आम्ही आपला मानतो.

पण गोष्ट इथे संपली असती तर आम्ही हा अग्रलेख लिहिला नसता.

लायसन गेले तरी कॅराचे पाणी बिघडतच राहिले. बिघडवले कोणी? कोणा कारखान्याने नव्हे. भोवतालच्या कुरणांवर खत वाढले, गुरे वाढली, शेणमुताचा काला पावसात ओढ्यांतून तळ्यात उतरत गेला. त्यातल्या स्फुरदावर शेवाळ माजते. उथळ तळ्याला हे सोसण्याची ताकद कमी असते. एकेका शेतकऱ्याचा दोष वाटीभर, पण तळे एकच. गेल्या काही वर्षांत युरोपीय संघाच्या मदतीने तेथे काम सुरू झाले. त्यात शेतकऱ्याला दंड करण्याऐवजी, ज्याच्या शिवारातून स्वच्छ पाणी उतरेल त्याला मोबदला देण्याची रीत धरली आहे. ही रीत आम्हाला पटते. शेतकऱ्याने समाजासाठी पाणी राखावे, तर समाजाने त्याचा दाम मोजावा.

आता आपल्या पाझर तलावाकडे पाहा. बांध फुटला की आपण सरकारला शिव्या देतो. गाळ भरला की निवेदन देतो. पण बांधबंदिस्ती नसलेल्या रानाची माती आणि कपाशीवर मारलेले औषध पहिल्या पावसात तलावात जाते, ते कोणाचे? फवारणीचा पंप त्याच पाण्यात कोण धुतो? भोई-ढिवर भावांचे पोट त्या माशांवर आहे आणि आपल्या विहिरीचा झराही त्याच पाण्यावर आहे.

सरकार नको, असे म्हणण्याचा हक्क त्यालाच, जो सरकार नसताना काम करून दाखवतो. लायसन झुगारणे ही अर्धी लढाई. ज्यासाठी झुगारले ते राखणे, ही उरलेली अर्धी.

म्हणून या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवून याव्यात. तलावातला गाळ पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या शेतात जाणार? वरच्या अंगाच्या रानांची बांधबंदिस्ती कोण करणार? पंप आणि औषधाचे डबे तलावापासून दूर ठेवण्यावर लक्ष कोण देणार? ठराव नकोत. माणसांची नावे आणा.