राखेचे वय बदलले म्हणून

यवतला नुकत्याच झालेल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी तासभर विज्ञानाची हजेरी घेतली. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. हे मत एकट्या त्यांचे नाही आणि नवेही नाही. त्यांचे म्हणणे असे: विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे. न्यूटन चुकला, तसा आइन्स्टाइनही चुकेल. आजवरचे सिद्धान्त खोटे ठरत आले, तर आजचा तेवढा खरा कसा? सत्य कुठे आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याने ‘आम्ही सत्याच्या जवळ चाललो’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? शेवटी त्यांनी घरचाच दाखला काढला. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या बोरीच्या ज्वालामुखी राखेचे वय कधी 14 लाख वर्षे, कधी 75 हजार, कधी पावणेसात लाख, कधी 8 लाख! सभागृह हसले, टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत कॉलेजची पोरे होती, याचा मला राग आला. आकडा बदलला की ज्ञान फसले, हे त्यांच्या मनात एकदा रुजले की ती पुन्हा कुठलाच आकडा तपासायला जाणार नाहीत.

न्यूटनचा मुद्दा एका ओळीत संपतो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, हा हिशेब आइन्स्टाइनचा. तेच उपग्रह कक्षेत नेऊन ठेवण्याचे बहुतेक गणित मात्र आजही न्यूटनचे. खोटा ठरलेला माणूस इतके काम करत नाही.

बोरीबद्दल मात्र मी सविस्तरच लिहिणार, कारण ज्या दाखल्यावर सभा हसली तोच वक्त्यांच्या विरुद्ध जातो. बोरी जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. नदीच्या जुन्या गाळात तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडतात. यवतकरांना बोरी लांब वाटत असेल तर भुलेश्वरचा डोंगर ओलांडून कऱ्हेच्या खोऱ्यात उतरावे. तशीच राख मोरगावलाही आहे. 1980 च्या दशकात या राखेचा अभ्यास सुरू झाला आणि पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय आले सुमारे 14 लाख वर्षे. पुढे दुसऱ्यांनी काचेच्या कणांचे रसायन तपासून सांगितले की ही 75 हजार वर्षांपूर्वीची राख आहे. आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीने 6 लाख 70 हजार असे उत्तर आले. 2011 मध्ये आणखी एका गटाने सगळे पुन्हा तपासून 8 लाखांच्या बाजूने कौल दिला. वाद अजून मिटलेला नाही.

वक्त्यांनी एवढेच सांगितले आणि ते थांबले. या उड्या चालू असताना काय पक्के झाले, ते त्यांनी सांगितले नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट सिलिका कमी असलेला खडक आहे आणि त्याचे उद्रेक साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थांबले. बोरीच्या राखेतली काच सिलिकाने भरलेली आहे. म्हणजे ही राख इथली नाही. मग कुठली? रसायन जुळवत जुळवत शोध पोचला तीन हजार किलोमीटरहून दूर, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीपाशी. आज 75 हजारवाले आणि 8 लाखवाले एकमेकांचे ऐकत नाहीत, पण राख तोबाची आहे हे दोघेही मानतात. तोबाचे मोठे उद्रेक मोजके: एक साधारण 75 हजार वर्षांपूर्वीचा, एक 5 लाखांच्या आसपासचा, एक 8 लाखांच्या आसपासचा. ‘ही पांढरी माती काय आहे?’ इथून सुरू झालेला प्रश्न आता ‘तोबाचा कोणता उद्रेक?’ एवढ्यावर आला आहे. उत्तरांना जागा किती उरली ते पाहा.

आकड्यांनी उड्या का मारल्या, तेही आता कळते. नदीच्या गाळात राखेबरोबर सह्याद्रीच्या खडकाची बारीक कणीही येते. काही लाख वर्षांच्या राखेत साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाची चिमूट मिसळली, की मोजणी वय फुगवून दाखवते. दुसऱ्या बाजूला, तोबाच्या जुन्या आणि नव्या राखेतली काच रसायनात इतकी सारखी आहे की नुसत्या रसायनावर निकाल देणे धोक्याचे. प्रत्येक पद्धतीची चूक कुठे होते हे दुसऱ्या पद्धतीने दाखवून दिले. अशी चूक पुढच्याच्या हाती आलेले हत्यार असते. वाट वाकडी आहे, हे मी मान्य करतो. वाकडी वाट कुठेच पोचत नाही, हे मी मान्य करणार नाही.

बोरीचा निकाल बाकी आहे म्हणून वक्त्यांना तिथे फावले. त्यांनी सभागृहाच्या पायाखालचा दगड का घेतला नाही? यवतच्या कोणत्याही विहिरीवर उभे राहा. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि मधेच तांबड्या मातीचा पट्टा. हा दख्खनचा लाव्हा. तो किती काळ वाहत होता? पोटॅशियम-आर्गॉनच्या जुन्या मोजण्यांचे आकडे कोट्यवधी वर्षांत विखुरलेले होते, कारण खडक मुरला की आर्गॉन निसटतो आणि वय कमी भरते. 1980 च्या दशकात खडकातल्या चुंबकत्वाचा अभ्यास झाला, आर्गॉनची सुधारित पद्धत लावली गेली, आणि तो सगळा पसारा आवळून बराचसा लाव्हा सुमारे 10 लाख वर्षांच्या अवधीत ओतला गेला असावा असे दिसू लागले. 2015 मध्ये त्याच तांबड्या पट्ट्यांतून वेचलेल्या झिरकॉनच्या स्फटिकांवर युरेनियम-शिसे पद्धत लावली, तेव्हा मुख्य उद्रेकाचा काळ निघाला साधारण साडेसात लाख वर्षे. 2019 मध्ये दोन गट पुन्हा भिडले. एक म्हणे, लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक झटका डायनोसॉर नष्ट होण्याच्या थोडा आधीचा. दुसरा म्हणे, झटके नव्हेत, आणि बहुतेक लाव्हा त्या संहारानंतरचा.

वक्त्यांना हेही भांडणच दिसेल. आहेच. पण भांडण कशावर आहे ते बघा! आधी कोटींवर होते, मग लाखांवर आले, आता साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेत हजारो वर्षे इकडे की तिकडे, यावर तज्ज्ञ एकमेकांचे कागद फाडत आहेत. मत किती वेळा बदलले हे मोजणारा माणूस मतभेदाचा पल्ला किती आखडला हे मोजत नाही. ज्याने ते मोजले नाही, त्याने विज्ञानाच्या प्रगतीवर व्याख्यान देऊ नये.

हा वाद महाराष्ट्रात पूर्वीही झाला आहे, तेव्हा विषय पंचांगाचा होता. शतकभरापूर्वी आपल्याकडे दोन तट पडले होते. पंचांगगणिताच्या जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहांच्या जागा आकाशाशी जुळेनात. एक तट म्हणे, ग्रंथ प्रमाण. दुसरा म्हणे, डोळ्यांना जे दिसते त्याप्रमाणे गणित सुधारा. सुधारणेच्या विरोधकांचा लाडका प्रश्न असा: आज सुधारलेत, शंभर वर्षांनी पुन्हा सुधाराल, मग तुमच्या गणिताला प्रमाण काय? हा प्रश्न आणि यवतचे व्याख्यान यांत मला काडीचा फरक दिसत नाही. ते जुने करणग्रंथही एके काळी त्याहून जुन्या ग्रंथांतली चूक दूर करण्यासाठीच लिहिले गेले होते, हे विरोधक सोयीने विसरत.

आणखी एक दाखला, कारण त्यात माणसे मेली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर, ही आपली जुनी समजूत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने ती मोडली. भूकंपप्रवणतेच्या नकाशात तोवर ‘शून्य’ क्रमांकाचा पट्टा होता. 1970 च्या नकाशातून तो काढून टाकला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे गेली. 2002 च्या नकाशात सर्वात कमी धोक्याचा पहिला पट्टाही दुसऱ्यात विलीन झाला. मोठ्या जलाशयाच्या पाण्याने भूकंपाला चालना मिळू शकते, हे कोयनेच्या अभ्यासाने जगापुढे ठळकपणे मांडले. पुढे त्याच भागात सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडून बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत जाणे झाले. मत बदलले म्हणून ज्यांना हसू येते, त्यांनी सांगावे, यातला कोणता बदल करायला नको होता?

आता वक्त्यांचा एकच प्रश्न उरतो, आणि तो खरोखर कठीण आहे: सत्य माहीत नसताना जवळीक मोजायची कशी? तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी 1963 मध्ये सत्याशी जवळिकीची नेटकी व्याख्या दिली. 1974 मध्ये तिखी आणि मिलर या तत्त्वज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवले की त्या व्याख्येने दोन चुकीच्या सिद्धान्तांपैकी कोणता सत्याच्या जवळचा, हे कधीच ठरत नाही. सर्वमान्य अशी बिनतोड व्याख्या आजही नाही. पण व्याख्या अडली म्हणून घटना अडत नाही. युरेनियमचे शिसे होणे आणि पोटॅशियमचे आर्गॉन होणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, त्यांच्या चुकांची कारणेही वेगळी. अशा परस्परांशी संबंध नसलेल्या दोन वाटा दख्खनच्या खडकासाठी एकाच काळापाशी येतात, तेव्हा तिथे खरेच काहीतरी आहे असे मानणे मला सर्वात शहाणपणाचे वाटते. जुन्या सिद्धान्ताचे जे बरोबर होते ते नव्यात टिकावे, जे चुकले त्याचे कारण नव्याने सांगावे आणि उरलेल्या मतभेदाची जागा आकसावी, एवढ्या तीन गोष्टी मी बघतो. यांतली एकही दिसली नाही तर मीही त्याला प्रगती म्हणणार नाही.

त्या दिवशी टाळ्या वाजवलेल्या पोरांना माझी विनंती आहे. कुकडी, घोड, कऱ्हा, भीमा यांच्या काठी जमीन सपाट करण्याचे काम निघते, विहिरी खोदल्या जातात. अशा वेळी काळ्या-तपकिरी गाळात पिठासारखा मऊ, पांढुरका थर दिसला तर जेसीबी थांबवा. थराची जागा आणि खोली लिहून घ्या, फोटो काढा, त्यात घडवलेले दगड दिसले तर हलवू नका, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. 75 हजार की 8 लाख, याचा निकाल लावणारा पुरावा तुमच्याच शेताच्या कडेला असू शकतो.