चाळिशीत टेनिस आणि तुमचं पहिलं गिऱ्हाईक

आपल्या सोलापुरात महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाल्यात. त्या बघून चाळिशीत रॅकेट घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. पण लगेच मोठ्या कोर्टावर पिवळ्या बॉलशी झुंजू नका.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये नवशिक्यांसाठी ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू केली. लहान कोर्ट आणि हळू बॉल: लाल 75 टक्के हळू, नारिंगी 50, हिरवा 25. मोठ्या माणसाला लाज वाटते, ‘हे तर पोरांचं!’

धंद्यातही हीच लाज नडते. शेंगा चटणी चांगली जमते म्हणून एकदम नवी पेठेत गाळा, डिपॉझिट, वर कर्ज. कशाला? आधी आपल्या गल्लीतली 10 घरं धरा. (फूड लायसन्सची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधी करा, तिथे चालढकल नको.)

त्या मोहिमेतली दुसरी गोष्ट मला जास्त पटते. पहिल्याच दिवसापासून सर्व्हिस, रॅली आणि स्कोअर. बॉल हळू, पण पॉइंट मोजायचे म्हणजे मोजायचेच. आपले लोक काय करतात? महिनाभर शेजाऱ्यांना फुकट चव देतात. सगळे ‘भारी झालीय हो’ म्हणतात आणि तेवढ्यावर भांडवल घालतात. अहो, फुकट खाणारा नाही कशाला म्हणेल?

पाकिटाचे 50 रुपये मागा. कोण देतं, आणि तेच घर पुढच्या आठवड्यात परत मागतं का, ते वहीत लिहा. दहापैकी दोनच परत आले, तर गाळ्याचं डिपॉझिट अजून बँकेतच राहू द्या.