पोटातले रहिवासी आणि उशिराची शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्यात ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स असे अब्जावधी जिवाणू एरवी निमूट नांदतात. अपेंडिक्स फुटले किंवा आतड्याला छिद्र पडले, की तेच उदरपोकळीत उतरतात आणि जिवावर बेततात. अशा वेळी छिद्र बुजवणे, पू काढणे हा मुख्य इलाज. प्रतिजैविके त्याच्या जोडीला. पण पोट दुखले की आपण आधी औषधाचे दुकान गाठतो. दुखणे दबते, निदान लांबते. त्यात चिठ्ठीविना घेतलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू निर्ढावतात, हे अधिक भयंकर. सेफिक्झिमसारख्या औषधांची अशी विक्री रोखणारी ‘एच-१’ अनुसूची २०१४ पासून लागू आहे. अन्न व औषध प्रशासनाने ती काटेकोर राबवावी. तालुक्याच्या रुग्णालयांत रात्रीही शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ हवेतच.