‘सेफ सीट’च्या मतदाराने काय करावे?



२०२४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी मतदारसंघांची ओळख करून देणारी आपल्या वर्तमानपत्रातली मालिका नियमित वाचतो. वरळी, माहीमला अर्धे पान मिळाले. आमच्या बोरिवलीच्या वाट्याला एक चौकट आली आणि तिच्यातही निम्मा मजकूर बंडखोरी आणि माघारीचा. निकाल ठरलेलाच आहे, मग लिहायचे काय, असे आपल्या वार्ताहराला वाटले असावे. त्याला एकट्याला बोल लावत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी मतदानाच्या दिवसाला, म्हणजे २० नोव्हेंबरच्या बुधवारला, दोन रजा जोडून लोणावळ्याचे बुकिंग केले आहे. मतदानाचे काय, म्हणून विचारले तर म्हणाले, “अहो, आपली सीट सेफ आहे. माझ्या एका मताने काय होणार?” हेच गृहस्थ सोसायटीच्या ग्रुपवर लोकशाहीबद्दल रोज सकाळी काहीतरी फॉरवर्ड करत असतात!

सीट सेफ आहे, हे खरेच. १९७८ मध्ये जनता पक्षातर्फे आणि पुढे भाजपतर्फे राम नाईक इथून तीनदा आमदार झाले. नंतर हेमेंद्र मेहता, मग गोपाळ शेट्टी. २०१४ साली युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या होत्या, तरी विनोद तावडे सुमारे ७९ हजारांनी आले. २०१९ ला सुनील राणे यांचे मताधिक्य ९५ हजारांच्या घरात होते. विरोधी पक्षांनाही हा आकडा पाठ आहे, त्यामुळे इथे ते लढतात ते केवळ अर्ज भरायचा म्हणून. उमेदवाराचे नाव मतदाराला कळेपर्यंत प्रचार संपत आलेला असतो.

या निवडणुकीत गाजला तो ‘बाहेरचा उमेदवार’ हा मुद्दा. तावडे पार्ल्याचे, राणे वरळीचे, लोकसभेला पीयूष गोयल आले आणि आता विधानसभेला संजय उपाध्याय. बोरिवली म्हणजे धर्मशाळा आहे काय, अशा अर्थाचा सवाल करत शेट्टी यांनी अपक्ष अर्ज भरला आणि ४ नोव्हेंबरला मागे घेतला. त्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर जेवढी राजकीय चर्चा झाली तेवढी गेल्या पाच वर्षांत झाली नव्हती. यावरूनच कळते, की इथली खरी निवडणूक तिकीटवाटपात होते आणि तिथे आम्हाला मत नसते.

पण ‘बाहेरचा’ ही तक्रार मला मुळातच चुकीच्या जागी केलेली वाटते. राम नाईक तरी बोरिवलीचे कुठे होते? ते गोरेगावचे. तरीही इथल्या जुन्या माणसांना ते आपले वाटत. याचे एक साधे कारण होते : वर्षभरात सभागृहात काय विचारले, कोणते काम कुठवर आले, याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. पुढे खासदार झाल्यावरही त्यांनी ही प्रथा सोडली नाही. सीट त्यांनाही बऱ्यापैकी सुरक्षितच होती, तरी हिशेब देणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. (एवढे करूनही २००४ मध्ये लोकसभेला याच पट्ट्यात गोविंदाने त्यांना हरवले, आणि २००९ ला संजय निरुपम यांनी सहा हजारांहून कमी मतांनी. सेफ हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.) उमेदवाराचा पत्ता बोरिवलीचा आहे की वरळीचा, यापेक्षा तो पाच वर्षांनी कोणता कागद घेऊन दारात येतो, हे मी बघेन.

या वेळी तर हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. गटार तुंबले की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून परत यायचे. सामान्य माणसाला जाऊन भेटता येईल असा निवडून आलेला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे आमदार. त्याच्या हाती आता वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तो कुठे खर्च झाला, हे बाकांवर आणि प्रवेशद्वारांच्या कमानींवर रंगवलेल्या नावांवरून आम्ही ताडायचे?

उदाहरणच द्यायचे तर, खाडीपलीकडचे गोराई गाव महापालिकेच्या आमच्याच आर-मध्य विभागात येते. एकदा सकाळी जेट्टीवर उभे राहून पाहावे. शाळेची मुले, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया, आणि दोघांनी धरून फळीवरून बोटीत चढवलेली मोटारसायकल, सगळे एकाच बोटीत. बोट नको असेल तर उत्तन-भाईंदरचा वळसा. मेट्रो आली, ठाण्याकडे जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले, त्याचा आनंद आहेच. पण हे प्रकल्प शहराचे आहेत, कोणीही आमदार असता तरी ते आले असते. जेट्टीवरच्या बायांसाठी आमच्या आमदाराने सभागृहात तोंड उघडले का, हे मला कुठल्याच फलकावर वाचायला मिळालेले नाही.

म्हणून आपल्याला विनंती, की जिथे चुरस नाही तिथे तरी जातीची गणिते आणि बंडखोरीच्या बातम्या बाजूला ठेवून मावळत्या आमदाराची उपस्थिती, प्रश्न आणि निधीचा खर्च छापा. चुरशीच्या जागी मतदार स्वतः भाव करून घेतो. आमच्यासारख्यांना ते काम वर्तमानपत्रानेच करून द्यावे लागते. आणि लोणावळ्याच्या गृहस्थांना एवढेच सांगेन : मताधिक्य ९५ हजारांवरून ६० हजारांवर आले तर आमदार बदलणार नाही, पण पुढच्या वेळी तिकीट देणारे या जागेकडे दोनदा बघतील.

परवा पाच-सहा कार्यकर्ते येऊन गेले. वॉचमनने आधी वही पुढे केली, मग नेता कोण ते ओळखून घाईने बाजूला घेतली. हातात पडलेल्या पत्रकावर वर मोठ्या नेत्यांचे फोटो होते, उमेदवाराचा खाली कोपऱ्यात. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी गोराईची जेट्टी, निधीचा हिशेब आणि वार्षिक अहवाल असे तीन मुद्दे लिहून ठेवले आहेत. पत्रक दाराजवळच्या चप्पल-स्टँडवर आहे. पुन्हा बेल वाजली की लगेच सापडावे म्हणून.

— एक मतदार, बोरिवली (प.)